“नको मामा” म्हणाली तरी हातात द्या

माझी भाची तीन वर्षं झाली, डिसेंबरात हडपसरहून पंढरपूरला धावत जाते. दोनशे किलोमीटरच्या वर अंतर, सहा दिवस. जमलेली देणगी ऊसतोड मजुरांच्या मुलांच्या हंगामी वसतिगृहाला जाते. सोबतीला माझा छोटा हत्ती आणि आम्ही चौघं. तरुणपणी शिवज्योतीच्या टेम्पोबरोबर पुष्कळ धावलो, पण तिथे किलोमीटरभर पळून माणूस गाडीत बसतो. इथे एकच जीव दिवसभर रस्त्यावर असतो. म्हणून कुणाच्या अशा धावेला सोबत करणार असाल, तर हे वाचा.

मुक्काम आधी जाऊन ठरवा. आमचे जेजुरी, लोणंद, फलटण, नातेपुते, वेळापूर आणि पंढरपूर. पहिला दिवस सगळ्यात लांब, त्यात दिवे घाट. घाट चालत चढायचा हे घरूनच ठरवून निघा. तिथे ताकद दाखवली की त्याची किंमत फलटणला मोजावी लागते. मुक्कामाला तळमजल्यावरची खोली मागा. तिसऱ्या दिवशी जिना उतरताना काय होतं ते मी पाहिलंय.

हे दिवस गाळपाचे. दोन-दोन ट्रॉल्या लावलेले उसाचे ट्रॅक्टर पहाटेपासून रस्त्यावर असतात आणि कित्येक ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो. त्यामुळे उजाडल्याशिवाय तिला पाऊल टाकू देऊ नका, सात वाजले तरी चालतील. धावायचं उजव्या कडेने, समोरून येणारी गाडी दिसेल असं. पालखी मार्ग बऱ्याच ठिकाणी चौपदरी झालाय, म्हणजे तुमची गाडी दुभाजकाच्या पलीकडे राहते. रस्ता ओलांडायचा तो आपण, तिने नाही. गाडी तिच्या मागे रांगत नेऊ नका. तीन किलोमीटर पुढे जाऊन पक्क्या जागी थांबा. एक जण सायकलवर तिच्या सोबत ठेवा.

आता खाण्यापिण्याचं, आणि यात मी चुकलोय. दुसऱ्या वर्षी फलटण सोडल्यावर मी दर थांब्याला विचारत होतो, “काही हवंय का?” ती म्हणायची, “नको मामा, बरं वाटतंय.” दोन तास असेच गेले. बरडच्या पुढे ती रस्त्याच्या कडेला बसली, ओठ पांढरे पडलेले, हात थरथरत होते. दमलेल्या माणसाला भूक कळत नाही. तेव्हापासून आम्ही विचारत नाही. गाडीजवळ आली की अर्धा राजगिऱ्याचा लाडू तिच्या तळहातावर ठेवायचा, गिळेपर्यंत सोबत चालायचं आणि वहीत वेळ लिहायची. लाडू नको झाला की उकडलेला बटाटा मीठ लावून, नाहीतर गूळ-शेंगदाणे. दुपारी मऊ खिचडी आणि ताक.

पाण्याला लिटरमागे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, वर लिंबू. चमचा चहाचाच घ्या. नुसतं पाणी पाजत सुटू नका, रक्तातलं मीठ पातळ होऊन माणूस बेशुद्ध पडू शकतो. आम्ही वजनकाटाच सोबत नेतो. संध्याकाळी वजन किलोभर उतरलं तर रात्रीच्या जेवणात भरून निघतं. सकाळपेक्षा वाढलं असेल तर पाणी जास्त झालंय. त्यात डोकं दुखत असेल, मळमळत असेल किंवा बोलणं अडखळत असेल, तर दवाखाना गाठा. धावताना दुखण्याची गोळी देऊ नका. अंगात पाणी कमी असताना आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या मूत्रपिंडाला बाधतात. लघवी काळ्या चहासारखी दिसली, की धाव तिथेच संपली. हा निर्णय सोबत्यांचा राहील, हे निघण्याआधी तिच्याकडून कबूल करून घ्या. माझ्या भाचीने ते कागदावर लिहून दिलंय आणि तो कागद मी गाडीत ठेवतो.

पाय रोज दोनदा मी स्वतः पाहतो. दुपारी बूट-मोजे काढायचे, बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसायच्या, व्हॅसलीन, नवे मोजे. जिथे लाल दिसेल तिथे फोड यायच्या आधीच कागदी चिकटपट्टी लावा. फोड आलाच आणि टचटचीत भरला, तर निर्जंतुक सुईने कडेला भोक पाडून पाणी काढा, वरची कातडी मात्र ओढू नका. पाय सुजतात, म्हणून बुटांचा दुसरा जोड अर्धा नंबर मोठा ठेवा.

पैशाबाबत मी फार कडक आहे. गाडीचं डिझेल, जेवण, खोल्या हा सगळा खर्च आम्ही घरातून करतो. देणगी थेट संस्थेच्या खात्यात जाते, आमच्या कुणाच्या फोनवर एक रुपयाही घेत नाही. रोखीत दोन हजारांच्या वर दिलं तर देणाऱ्याला आयकरात सूट मिळत नाही, हे त्याला आधीच सांगा. वाटेत कुणी म्हातारी दहाची नोट पुढे करते. ती नाकारू नका, संस्थेचं पावतीपुस्तक त्यासाठीच जवळ असू द्या आणि पावती तिच्या नावाने फाडा.

शेवटच्या दिवशी वाखरीला सगळ्यांना घाई होते, पुढे पाचच किलोमीटर उरलेले असतात. तिथेही पाय पाहा, मोजे बदला, लाडू द्या. पंढरपुरात त्या रात्री मुक्कामच करा. सहा दिवस चौघांचीही झोप अपुरी झालेली असते, तेव्हा गाडी सकाळी काढा.