शातोनफ द्यू पाप: हे 'पाप' नीट कसं करायचं

ही एक फ्रेंच वाइन, ज्या गावात पिकते त्याच गावाच्या नावाची. आधी नाव. शातो-नफ-द्यू-पाप, भराभर म्हटलं की 'शातनफ द्यू पाप'. फ्रेंचमधे पाप म्हणजे पोप, आणि अख्ख्या नावाचा अर्थ पोपचा नवा वाडा. १३०९ नंतर पोपमंडळी रोम सोडून दक्षिण फ्रान्समधल्या आविन्यों शहरात येऊन राहिली, त्यातल्या बाविसाव्या जॉनने जवळच्या टेकडीवर उन्हाळ्यात राहायला किल्ला बांधला. आज त्याच्या बुरुजाचा अर्धा भाग आणि थोडे अवशेष तेवढे शिल्लक आहेत, कारण १९४४ मधे माघार घेताना जर्मनांनी बुरुजाचा उरलेला अर्धा उडवला. मजा म्हणजे गावाचं हे नाव अधिकृत झालं १८९३ मधे, तोपर्यंत ते शातनफ काल्सेर्निए होतं.

आता मी हे का लिहितोय तर माझी पहिली बाटली मी वाया घालवली. मे महिना, पुणे, बाटली कपाटातून काढली ती थेट उघडली आणि सोबत घरचा झणझणीत तांबडा रस्सा. वाइन कोमट, रस्सा जाळ, आणि तोंडात खोकल्याच्या औषधासारखं काहीतरी. एवढे पैसे घालून औषध प्यायलो. तर तुमचं तसं होऊ नये म्हणून.

बाटली निवडताना

लाल आणि पांढरी दोन्ही येतात, पांढरी थोडीच असते, आणि रोझे म्हणजे गुलाबी वाइन या नावाने निघतच नाही. कुणी 'शातनफची रोझे' विकत असेल तर हात जोडून पुढे चला. बऱ्याच बाटल्यांच्या काचेवरच उठावाची मुद्रा असते, पोपचा मुकुट आणि खाली एकमेकांवर आडव्या ठेवलेल्या किल्ल्या, बोट फिरवलं की लागते. सगळेच ती बाटली वापरत नाहीत, त्यामुळे मुद्रा नाही म्हणजे नकली असं समजू नका. लेबलवर 'मीझ आं बुतेय ओ दोमेन' किंवा 'ओ शातो' लिहिलंय का ते बघा, म्हणजे ज्याने पिकवली त्यानेच भरली. 'व्हिएय व्हीन्य' म्हणजे जुने वेल, पण किती जुने याची कायद्यात व्याख्या नाही, त्या शब्दासाठी जास्त पैसे मोजू नका.

इथे तेरा जातींच्या द्राक्षांना परवानगी आहे असं सगळे सांगतात, रंगांप्रमाणे वेगळं मोजलं तर अठरा होतात. पण घाबरायचं काम नाही, बहुतेक बाटल्यांत राज्य ग्रनाशचं, सोबत सिरा आणि मूर्वेद्र. सिरा म्हणजे आपल्या नाशिकवाल्यांची शिराझच हो. शातो द बोकास्तेल या घराण्याचे लोक तेराही जाती लावतात आणि त्यांच्या लालमधे मूर्वेद्र बरीच असते, उलट शातो रायास जवळजवळ नुसत्या ग्रनाशची, तीही वाळूच्या जमिनीतली, आणि किंमत अशी की आपण फोटो बघावा. साध्या चांगल्या घराण्याची बाटली फ्रान्समधे ३० ते ५० युरोत मिळते, मी तिथेच थांबतो. तेवढेही नसतील तर शेजारचं जिगोंदास नाहीतर वाकेरास घ्या, चव त्याच कुळातली, खिशाला बरं. साल बघायचंच तर २०१० आणि २०१६ डोळे झाकून, २००२ मधे ऐन तोडणीत पूर आला होता, ते टाळा.

ही एवढी महाग का

इथले वेल बघाल तर आपल्यासारखा मांडव नाही, ग्रनाश म्हणजे गुडघ्या-कमरेएवढं ठेंगणं झुडूप, खाली माती दिसतच नाही, नुसते नारळाएवढे गुळगुळीत गोटे. दिवसभर तापतात आणि रात्री वेलाला शेक देतात. सगळीकडे गोटे नाहीत, कुठे वाळू आहे कुठे चुनखडी, पण फोटो गोट्यांचेच येतात. वरून मिस्त्राल नावाचा उत्तरेचा वारा, माणसाचं डोकं फिरवतो पण द्राक्षं कोरडी ठेवतो, बुरशी कमी. हेक्टरी ३५ हेक्टोलिटरची मर्यादा आहे, आपल्या हिशोबात एकरी साधारण १४०० लिटर वाइन, आणि तोडणी हातानेच, मशीनला बंदी.

हे नियम आले बॅरन ल रुआ नावाच्या माणसामुळे, वकील, पहिल्या महायुद्धातला वैमानिक, आणि बायकोच्या घरची शातो फोर्तिया ही वाइनरी. भेसळीला कंटाळलेले शेतकरी त्याच्याकडे गेले आणि १९२३ मधे त्याने नियम लिहायला घेतले. त्यातला एक मला फार आवडतो: जिथे लॅव्हेंडर आणि थाईम दोन्ही उगवतात तीच जमीन या वाइनची. त्यातूनच पुढे १९३६ मधे सरकारी अपेलासियों, म्हणजे या नावाला कायद्याचं संरक्षण मिळालं, देशातल्या अगदी पहिल्यांपैकी. याच गावाने १९५४ मधे उडत्या तबकड्यांना द्राक्षमळ्यात उतरायला बंदी घातली होती, उतरली तर जप्त. नियम म्हणजे नियम.

गावात जायचं असेल तर

पॅरिसहून आविन्योंला टीजीव्ही या वेगवान रेल्वेने पावणेतीन तासांच्या आसपास, तिथून गाव जवळच, आविन्यों आणि ऑरांजच्या मधे. गावात पावलोपावली तळघरं आहेत चव बघायला, पण मोठ्या घराण्यांकडे आधी फोन किंवा मेल करूनच जा, दुपारी जेवायच्या वेळेला सगळं बंद, आणि सप्टेंबरमधे तोडणी चालू असते तेव्हा कुणाला तुमच्याकडे बघायला वेळ नसतो. आत शिरल्या शिरल्या 'बोंजूर', मग बाकीचं. थुंकायला भांडं ठेवलेलं असतं, लाजू नका, सहा ठिकाणी गिळत गेलात तर सातव्या ठिकाणी फक्त भिंतीला धरून उभे राहाल. परत येताना कस्टम्समधे माणशी दोन लिटरपर्यंत ड्युटी नाही, म्हणजे दोन बाटल्या आरामात, चेक-इन बॅगेत जीन्समधे गुंडाळून.

उघडायची कशी

बाटली जुनी असेल तर आदल्या दिवशी उभी करून ठेवा, गाळ खाली बसतो. रूम टेम्परेचर हा शब्द विसरा, तो दगडी घरातल्या थंड खोल्यांचा. हिला हवं १६ ते १८ डिग्री, म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात पाऊण एक तास तरी फ्रीजमधे. तरुण वाइन असेल तर काचेच्या जगमधे ओतून तासभर ठेवा. पहिल्या घोटाला नुसता दारूचा भपका येतो, तासाभराने त्याच ग्लासात पिकलेली रासबेरी, मिरी, आणि उन्हात वाळलेल्या रानझुडपांचा वास. मोठा ग्लास घ्या आणि एक तृतीयांशच भरा, काठोकाठ ओतायला ते ताक नाही.

सोबत मटण हवंच, पण तिखटावर हात आवरा. अल्कोहोलने मिरचीची आग जास्त भडकते आणि इथे १४-१५ टक्के सर्रास असतं. काळ्या मिरीचं सुकं मटण, कांदा भरपूर, लाल तिखट नावाला, हे आमच्याकडे सगळ्यात जमलं. हिशोबही ठेवा, १४.५ टक्क्यांच्या एका बाटलीत जवळजवळ १०९ मिली निव्वळ अल्कोहोल असतं, पाच टक्क्यांच्या मोठ्या बिअरच्या तीन बाटल्यांपेक्षा जास्त. चौघांत एक बाटली पुरते, आणि गाडी कोणी चालवायची ते उघडण्याआधी ठरवा.

उरली तर बूच लावून फ्रीजमधे, दोन-तीन दिवस टिकते, त्यानंतर मटणात ओता. रिकामी बाटली मात्र भंगारवाल्याला देऊ नका, आमच्या ओट्यावर तिच्यात शेंगदाण्याचं तेल असतं, आणि हात तेलकट असले तरी त्या उठावाच्या किल्ल्यांमुळे ती सटकत नाही.