गॅलॅक्टोजने सोडवलेला यकृतपेशींचा पेच

टोल्कापोन या कंपवाताच्या औषधाची मानवी यकृतपेशींवर चाचणी घेताना पुण्यातील आमच्या प्रयोगशाळेत मी तीन आठवडे अडकून पडले होते. यकृताला होणाऱ्या गंभीर इजेमुळे १९९८ मध्ये युरोपात ज्याची विक्री स्थगित करावी लागली, ते औषध माझ्या हेप-जी-२ या प्रयोगशाळेत वाढवलेल्या यकृतपेशींना जवळजवळ काहीच करत नव्हते.

उत्तर डोळ्यांसमोरच होते. सोमवारी सकाळी इन्क्युबेटर उघडला की फ्लास्कमधले गुलाबी माध्यम, म्हणजे पेशी वाढवण्याचे पोषक द्रव, आम्लामुळे पिवळे पडलेले दिसे. या पेशी कर्करोगाच्या गाठीतून आलेल्या. २५ मिलिमोलर ग्लुकोज मिळाले की त्या ते आंबवून लॅक्टिक आम्ल करतात आणि मायटोकॉन्ड्रिया या पेशीतल्या ऊर्जाकेंद्रांविनाही ऊर्जा भागवतात. टोल्कापोनचा घाव नेमका मायटोकॉन्ड्रियावर पडतो, म्हणून तो दिसतच नव्हता.

मी ग्लुकोजविरहित माध्यमात १० मिलिमोलर गॅलॅक्टोज ही साखर घातली; तिच्यावर पेशींना ऊर्जेसाठी मायटोकॉन्ड्रियावरच अवलंबून राहावे लागते. पहिला प्रयत्न तरीही फसला, कारण नेहमीच्या सीरममधूनही ग्लुकोज येते. डायलिसिस केलेले सीरम वापरल्यावर माध्यम गुलाबी राहिले. आधी रोटेनोन हे मायटोकॉन्ड्रिया बंद पाडणारे विष देऊन पडताळणी केली, मग टोल्कापोन दिले, आणि पूर्वीपेक्षा कितीतरी कमी मात्रेतच एटीपी, म्हणजे पेशीतली वापरायची ऊर्जा, घसरले. तो आलेख पाहून मला खरोखर हायसे वाटले.

पॅरासिटामॉलसाठी मात्र हा उपाय चालणार नाही. त्याचे विषारी रूप घडवणारी विकरे या पेशींत फारच कमी असल्याने तिथे दात्याच्या यकृतातून मिळवलेल्या प्राथमिक पेशीच घ्याव्यात.