लिनक्स टाकण्याआधी लॅपटॉपच्या पोटात काय आहे ते बघा

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला मामाचा जुना लॅपटॉप माझ्याकडे आला. ४ जीबी रॅम, त्यावर विंडोज रांगत होतं. पेनड्राइव्ह लावला आणि अर्ध्या तासात लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी, फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम) बसलंसुद्धा. मग पाहिलं तर वायफायचं चिन्हच नाही! कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, त्या चिपचा ड्रायव्हर (ती चालवणारं सॉफ्टवेअर) नव्हता. तो नेटवरून उतरवायचा आणि नेट तर वायफायवरच. वेड जात नाही म्हणून लग्न होत नाही, लग्न होत नाही म्हणून वेड जात नाही, तशी गत. लॅनची वायर होस्टेलवर कुणाकडेच नव्हती.

सुटका केली मोबाइलने. अँड्रॉइड फोन चार्जिंगच्या केबलने जोडून 'यूएसबी टेदरिंग' चालू केलं की लिनक्सला तो वायरचं नेटवर्क वाटतो, वेगळा ड्रायव्हर लागत नाही. ही एक गोष्ट आधी ठाऊक असती तर माझे दोन दिवस वाचले असते.

तरी वायफाय येईना. सिक्युअर बूट चालू होतं, म्हणजे सही नसलेलं सॉफ्टवेअर सुरू होतानाच अडवणारी सोय. ड्रायव्हर टाकताना एक पासवर्ड ठरवायला सांगितला होता आणि रीस्टार्टनंतर निळा पडदा आला होता. मी घाईत 'कंटिन्यू बूट' दाबलं. तिथे 'एनरोल एमओके' (Enroll MOK, म्हणजे ड्रायव्हरवरच्या सहीची की मशीनमध्ये नोंदवणं) निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. नाही दिला तर बाहेरून बांधलेला ड्रायव्हर कर्नल आत घेत नाही. निमूटपणे.

लॅपटॉपचं मॉडेल शोधून फारसं काही हाती लागत नाही, कारण एकाच मॉडेलमध्ये वेगवेगळी वायफाय कार्डं निघतात. टर्मिनलमध्ये 'एलएसपीसीआय -एनएन' (lspci -nn) ही कमांड चालवा. वायफायच्या ओळीत चौकटी कंसात चार-चार अक्षरांची जोडी दिसेल: पहिली कंपनीची, दुसरी चिपची. शोध या जोडीने घ्यायचा. कधी ड्रायव्हर असतो, फर्मवेअर (खुद्द चिपच्या आत चालणारं सॉफ्टवेअर) नसतं. तेव्हा 'डीमेसेज' (dmesg) या कमांडने दिसणाऱ्या कर्नलच्या नोंदींमध्ये फर्मवेअर लोड न झाल्याची ओळ सापडते. डेबियन या लिनक्सच्या एका प्रकाराच्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये असं मुक्त नसलेलं फर्मवेअर पूर्वी नसायचं. २०२२ मध्ये त्यांनी मतदान घेतलं आणि जून २०२३ च्या डेबियन १२ पासून ते सोबतच येतं. फक्त मुक्त सॉफ्टवेअर द्यायचं या तत्त्वाला मुरड घातली म्हणून काही जण नाराज झाले. मला विचाराल तर नवशिक्याच्या दृष्टीने बरंच झालं.

इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नसेल तर बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) स्टोरेज 'रेड'वर (RAID) आहे का बघा, ते 'एएचसीआय' (AHCI) करा. विंडोजही ठेवायचं असेल तर हा बदल करण्याआधी ते सेफ मोडमध्ये सुरू होईल असं करून ठेवा आणि बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्कवरच्या कुलुपाची) की लिहून घ्या. एनव्हिडियाचं कार्ड असून पडदा काळाच राहिला तर ग्रबमध्ये (सुरुवातीला येणाऱ्या लिनक्सच्या मेनूत) 'ई' (e) दाबून लिनक्सच्या ओळीच्या शेवटी 'नोमोडसेट' (nomodeset) लिहा. तात्पुरतं काम भागतं. लॅपटॉप अगदी नवा असेल तर मात्र ताज्या कर्नलचं डिस्ट्रो (लिनक्सचा तयार प्रकार) घ्या. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

हल्ली कुणी ज्युनिअर लॅपटॉप घेऊन आला की मी 'इन्स्टॉल'ला हात लावू देत नाही. लिनक्स पेनड्राइव्हवरून लाइव्ह, म्हणजे डिस्कवर न बसवता, चालवायचं. गाणं स्पीकरवर, मग हेडफोनवर. कॅमेरा, ब्राइटनेसची बटणं. झाकण मिटून पाच मिनिटं चहाला जायचं, परत येऊन उघडायचं. गेल्या महिन्यात एकाचा लॅपटॉप त्या झोपेतून उठलाच नाही. त्याने विंडोज ठेवलं. मीही आग्रह केला नाही.