‘हे वाचच!’ म्हणण्याआधी: सध्याचं वाचन कसं सांगावं, पुस्तक कसं सुचवावं

काही वर्षांपूर्वी एक कादंबरी ऐंशीव्या पानावर असतानाच मी चार जणांना सुचवली. तिघांनी ऐकल्यासारखं केलं आणि सोडून दिलं. चौथीनं मात्र विकत घेतली, दीड आठवडा खपून संपवली आणि मला एवढंच विचारलं, “तू शेवटपर्यंत वाचली होतीस ना?”

नव्हती वाचली. पुढे मीही वाचली, तेव्हा कळलं की दीडशे पानांनंतर ती कादंबरी अशी काही ढेपाळते की विचारू नका.

माझी चूक साधी होती. ‘मी सध्या हे वाचतेय’ आणि ‘तू हे वाच’ या दोन गोष्टींची मी गल्लत केली. पहिली नुसती बातमी असते. दुसरीत आपण समोरच्याचा वेळ मागत असतो, आणि तो किती ते एकदा मोजून बघा. तीनशे पानांचं पुस्तक, पानाला साधारण अडीचशे शब्द, म्हणजे ७५ हजार शब्द. मिनिटाला दोनशे शब्द वाचले तरी सव्वासहा तास होतात. एवढा वेळ आपण एका वाक्यात मागतो, तेही बहुतेकदा दुसरंच काहीतरी करता करता.

सध्याचं वाचन सांगताना

आधी सोपं काम. स्टेटसवर टाका, मित्रांच्या ग्रुपवर लिहा किंवा समोरासमोर सांगा, चार गोष्टी असल्या की पुरे: पुस्तकाचं आणि लेखकाचं नाव, तुम्ही कुठवर आलात, ते हाती कसं लागलं आणि आत्ता त्यात तुम्हाला काय धरून ठेवतंय. पुस्तक अनुवादित असेल तर अनुवादकाचं नाव हवंच. तुम्ही वाचताय ती वाक्यं त्याची किंवा तिची आहेत, आणि दुसऱ्या कुणाचा अनुवाद हातात पडला तर तेच पुस्तक वेगळं वाटू शकतं.

‘कुठवर आलात’ हे लोक हटकून गाळतात. खरं तर सगळ्यात कामाची माहिती तीच. ‘३१२ पैकी ९६’ असं लिहिलं की वाचणाऱ्याला कळतं, हे मत अजून कच्चं आहे. ई-बुकमध्ये अक्षर मोठं केलं की पानांचे आकडे बदलू शकतात आणि ऐकायच्या पुस्तकात पानंच नसतात, तेव्हा प्रकरण सांगा. उदाहरणार्थ:

‘सध्या एका धरणाच्या बांधकामावरचं पुस्तक वाचतेय. पाचवं प्रकरण चालू आहे. विषयात मला काडीचा रस नव्हता, प्रवासात दुसरं काही हाताशी नव्हतं म्हणून उघडलं. पण सिमेंट थंड कसं करतात यावरची बारा पानं मी दोनदा वाचली. पुढचं माहीत नाही.’

त्यातलं शेवटचं वाक्य ठेवायला लाजू नका.

एकाच नावाची दोन-तीन पुस्तकं असणं मुळीच दुर्मिळ नाही. घोटाळा होईल असं वाटलं तर आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, देऊन टाका. मलपृष्ठावर बारकोडपाशी असतो तो. २००७ पासून तो १३ अंकी आहे, त्याआधी १० अंकी होता. कागदी बांधणी, पुठ्ठा बांधणी, ई-बुक अशा प्रत्येक रूपाला वेगळा क्रमांक मिळतो, त्यामुळे नेमकी हीच आवृत्ती हवी असेल तर याच्याइतकी पक्की खूण नाही. फार जुन्या पुस्तकांवर तो सापडणार नाही, तिथे प्रकाशक आणि वर्ष सांगायचं.

आतल्या पानाचा फोटो टाकायचा मोह होतो. आवडलेल्या दोन-चार ओळी पुरेत. पानांमागून पानं टाकत गेलात तर ती शिफारस राहत नाही, लेखकाच्या आणि प्रकाशकाच्या हक्कावर हात मारणं होतं.

आणि सोडलेलं पुस्तकही सांगा. ‘वाचतेय’ म्हणून जाहीर केलेलं पुस्तक महिन्याभरानं गुपचूप नाहीसं होतं आणि लोकांना वाटतं, संपलं असेल, आवडलंही असेल. नॅन्सी पर्ल या अमेरिकन ग्रंथपालांचा याबाबत एक छान हिशेब आहे: पन्नाशीपर्यंतच्या वाचकानं पुस्तकाला ५० पानं द्यावीत. पन्नाशीनंतर १०० मधून आपलं वय वजा करावं, उरतील तेवढीच द्यावीत. वय ६८ असेल तर ३२ पानं. शंभरी गाठली की शून्य, म्हणजे मुखपृष्ठ बघूनच निकाल द्यायची मोकळीक! तेव्हा ‘४७ व्या पानावर सोडलं, पत्रं फार आहेत’ हेही उपयोगाचंच. कुणीतरी पत्रांसाठीच ते उचलेल.

सुचवण्याआधी विचारा, आणि नीट विचारा

खरी मेख इथे आहे. ‘तुम्हाला कोणत्या प्रकारची पुस्तकं आवडतात?’ हा प्रश्न टाळा. त्यावर माणसं आपल्याला शोभेल असं उत्तर देतात. ‘वैचारिक’ म्हणतात, ‘चरित्रं’ म्हणतात, आणि उशाशी असते रहस्यकथा. त्यापेक्षा एक ठोस पुस्तक काढून घ्या.

शेजारच्या काकूंनी मागे माझ्याकडे काहीतरी वाचायला मागितलं होतं.

“काकू, अलीकडे मनापासून आवडलेलं पुस्तक कोणतं?”

“अगं, ते दीपगृहाचं होतं बघ. नाव विसरले.”

इथेच मी थांबले असते तर समुद्र, बोटी, वादळं असलं काहीतरी त्यांच्या गळ्यात मारलं असतं. पण विचारलं, “त्यात काय आवडलं?”

“तो म्हातारा. दिवसभर काही करत नाही गं तो. पण त्याच्याशेजारी बसून राहावंसं वाटतं.”

म्हणजे समुद्राचा इथे काही संबंधच नव्हता. त्यांना सोबतीला एक माणूस हवा होता.

बहुतेक शिफारशी इथेच फसतात, कारण आपण विषयाला विषय जुळवतो. पर्ल यांनी पुस्तकात शिरायच्या चार दारांची कल्पना मांडली आहे: कथा, पात्रं, परिसर आणि भाषा. प्रत्येक पुस्तकात चारही असतात, पण सगळी सारखी मोठी नसतात. वाचकाचंही एखादं दार ठरलेलं असतं, आणि ते त्याच्या बोलण्यातून ओळखता येतं. ‘पानं कधी उलटली कळलंच नाही’ म्हणणारा कथेच्या दारानं आत आलेला. ‘तिची अजून आठवण येते’ म्हणणारा पात्रांच्या. ‘तिथे राहून आल्यासारखं वाटलं’ हा परिसर झाला, आणि ‘काही वाक्यं पुन्हा पुन्हा वाचली’ ही भाषा. काकूंचं दार पात्रांचं, तेव्हा पुस्तक दीपगृहाचं असो की घड्याळं दुरुस्त करणाऱ्याचं, काही फरक पडत नाही. मी त्यांना तेच दिलं, घड्याळजीचं.

दुसरा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही: ‘कोणतं पुस्तक अर्ध्यात सोडलंत?’ आवडीबद्दल माणसं मोघम बोलतात, वैतागाबद्दल मात्र एकदम नेमकं. ‘सारखं मागं-पुढं चालू होतं, काळच कळेना’, ‘बोलीतले संवाद झेपले नाहीत’. झालं, दोन वाटा आपोआप बंद.

मग आत्ताची परिस्थिती. वाचायला सलग वेळ आहे की रात्री झोपेआधीची पंधरा मिनिटं? पंधरा मिनिटंवाल्याला छोटी प्रकरणं लागतात, नाहीतर रोज मागची दोन पानं पुन्हा वाचण्यातच जातात. मन कसं आहे? नुकतंच घरात कुणी गेलं असेल तर मृत्यूवरचं सुंदर पुस्तक कदाचित सगळ्यात योग्य असेल, कदाचित सगळ्यात अयोग्य. हे आपण ठरवायचं नाही, विचारायचं. आणि हसू नका, पण अक्षराचा आकार आणि पुस्तकाचं वजनही बघा. मनगट दुखणाऱ्या माणसाला मी एकदा नऊशे पानांचा ठोकळा दिला होता. तो त्यांनी उघडलाच नाही, आणि कारण सांगायलाही त्यांना संकोच वाटत होता.

भारतीय ग्रंथपाल एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत पुस्तकरूपानं मांडले. त्यातला दुसरा: प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं. तिसरा: प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा. आपण उत्साहाच्या भरात फक्त तिसरा पाळतो. हातात आवडतं पुस्तक असतं आणि त्याला गिऱ्हाईक शोधत फिरतो. चौथा सिद्धांत आहे वाचकाचा वेळ वाचवा, आणि त्या सव्वासहा तासांकडे बघता तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

सांगायचं कसं

एक पुस्तक सांगा, फार तर तीन. दहा नावांची यादी पाठवणं म्हणजे निवडायचं काम परत त्याच्याच अंगावर टाकणं.

‘अप्रतिम’, ‘नक्की वाचा’, ‘मस्ट रीड’ हे शब्द वापरून वापरून गुळगुळीत झालेत. पाच तारेही तसेच. माझे पाच तारे म्हणजे काय ते मलाच दुसऱ्या दिवशी सांगता येत नाही. त्याऐवजी तुमचं काय झालं ते सांगा. ‘पुठ्ठ्याची कड बोचून अंगठ्यावर वळ उठला तरी खाली ठेवलं नाही’ यात पाच ताऱ्यांपेक्षा जास्त कळतं.

काकूंना पुस्तक देताना आत चिठ्ठी ठेवली होती:

‘तुमच्या दीपगृहातल्या म्हाताऱ्यासारखाच एकजण यात आहे, पण हा जरा बोलका आहे. पहिली चाळीस पानं घराण्याच्या इतिहासात जातात, तेवढा दम धरा किंवा सरळ दुसऱ्या प्रकरणापासून सुरू करा. मध्ये एका लहान मुलाच्या आजारपणाचा भाग आहे, तो थोडा जड जातो. नाही आवडलं तर खुशाल परत द्या, मी काही विचारणार नाही.’

आधीच्या पुस्तकाशी असलेलं साम्य, फरक, कुठे रखडतं, कुठे त्रास होऊ शकतो आणि सोडून द्यायची परवानगी, एवढं सगळं त्यात आलं. रखडण्याची जागा आधी सांगितली की माणूस ती ओलांडतो. न सांगता दिलं तर त्याला वाटतं, पुढे सगळं असंच असणार.

काय सांगायचं नाही हे तुम्हाला माहीत आहे. तरी एक: ‘शेवटी काय धक्का आहे म्हणून सांगू!’ हाही रहस्यभेदच. वाचणारा मग प्रत्येक पानावर धक्क्याची वाट बघत बसतो.

दिल्यानंतर

पाठपुरावा करू नका. ‘वाचलंस का?’ हे तिसऱ्यांदा कानावर आलं की पुस्तकाचा गृहपाठ होतो आणि माणूस आपल्याला टाळायला लागतो. त्यानं होऊन सांगितलं की आवडलं नाही, तर पुस्तकाची वकिली करू नका. कुठे अडलं तेवढं विचारा. पुढच्या वेळी तीच माहिती कामाला येते.

आपली प्रत देत असाल तर परत हवी आहे की नाही ते देतानाच सांगा. त्यात कंजूषपणा नाही. घेणाऱ्यालाही सोपं जातं. ज्या प्रतीत कुणाचं हस्ताक्षर आहे किंवा जी हरवली तर जीव तुटेल, ती देऊच नका.

मी एक छोटी वही ठेवते: तारीख, कुणाला, काय मागितलं होतं, काय दिलं, पुढे काय झालं. शेवटचा रकाना बऱ्याचदा रिकामाच असतो. काकूंपुढचाही दोन महिने रिकामा होता.

मग एकदा जिन्यात भेटल्या. “तुझा घड्याळजी बरा आहे गं, पण फार बोलतो,” म्हणाल्या, आणि पिशवीतून एक जुनं, कडा पिवळ्या पडलेलं पुस्तक काढून माझ्या हातात दिलं. दीपगृहाचं. नाव आठवलं नव्हतंच, पण माळ्यावरच्या खोक्यात सापडलं होतं.

सध्या तेच वाचतेय. २२४ पैकी ४१. म्हातारा अजून आलेला नाही.