पोळा सरला की गंजीची जागा बघा

‘पोळा आला, पाऊस झाला भोळा’ असे आपल्याकडे म्हणतात. चाऱ्याच्या बाबतीत या म्हणीवर विसंबू नये. नागपूर भागातून पाऊस परततो तो ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात. नेमके तेव्हाच धुऱ्यावरचे (बांधावरचे) गवत फुलोऱ्यात असते आणि सोयाबीन मळणीला आलेले असते. म्हणून तयारी पोळ्यापासून धरावी, पण गंजी, म्हणजे वाळल्या चाऱ्याचा मोठा ढीग, रचायची घाई करू नये. पावसात भिजलेला चारा उन्हात पुन्हा वाळतो. ओलसर रचलेला चारा आतून सडतो, कधी कधी पेटतोही.

आधी हिशेब

समजा दोन बैल, एक गाय आणि एक कालवड आहे. थोडा हिरवा चारा आणि ढेप (पेंड) मिळत असेल तर मोठ्या जनावराला दिवसाला ६ किलो आणि कालवडीला ३ किलो वाळला चारा धरा. म्हणजे रोजचे २१ किलो झाले. नोव्हेंबर ते जूनअखेर २४२ दिवस, म्हणजे ५ टनांहून थोडे जास्त. तुडवण, गळ आणि उंदीर यांच्यासाठी १५ टक्के वर धरले की आकडा ६ टनांच्या आसपास जातो. जूनचा महिना हिशेबातून गाळू नका. पाऊस जूनच्या मध्यावर आला तरी गवत तोंडात येईपर्यंत महिना निघून जातो आणि नेमक्या त्याच दिवसांत बैल वखराला, पेरणीला जुंपलेले असतात.

या ६ टनांपैकी सोयाबीन, तूर आणि हरभऱ्याचे कुटार (मळणीनंतरचा भुसा) २ टन निघाले तर उरलेले ४ टन गवत, कडबा आणि तणस (धानाचा पेंढा) गंजीत जाईल. हाताने रचलेल्या गवताचा १ टन सुमारे १५ घनमीटर, म्हणजे ५३० घनफूट जागा घेतो. ४ टनांसाठी १२ फूट लांब, ९ फूट रुंद आणि १० फूट उंच अशा दोन गंज्या लागतील. एकच मोठी गंजी कधीही करू नका. आग लागली किंवा पाणी शिरले तर सगळा चारा एकदम जातो.

चारा कमी पडणार हे आत्ताच दिसत असेल तर दिवाळीनंतर लगेच घ्या. मार्च-एप्रिलपर्यंत थांबलात तर जास्त पैसे मोजावे लागतील. कडबा शेकड्याच्या भावाने विकला जातो, पण पेंढी कुणाची केवढी असेल याचा नेम नसतो. ढिगातल्या वेगवेगळ्या ठिकाणच्या १० पेंढ्या काढून वजन करा आणि किलोचा भाव काढूनच सौदा करा.

अवजारे

गवतासाठी दातेरी वैभव विळा सोयीचा आहे. त्याला सारखी धार लावावी लागत नाही. साधे इळे असतील तर मुठी घट्ट करून घ्या. पेट्रोलवर चालणारे ब्रश कटर गेल्या हंगामापासून तसेच पडले असेल तर आधी टाकीतले जुने पेट्रोल काढून टाका. ते कार्बोरेटरमध्ये चिकट होऊन बसते आणि मशीन सुरू होऊन लगेच बंद पडते, ही सर्वांत जास्त आढळणारी तक्रार. टू-स्ट्रोक इंजिनाला १ लिटर पेट्रोलमध्ये २० ते ४० मिली टू-टी ऑइल लागते. नेमके प्रमाण मशीनच्या पुस्तिकेत पाहा. ऑइल कमी पडले तर पिस्टन जाम होतो. जास्त पडले तर धूर येतो आणि प्लग काळा पडतो. कोवळ्या गवताला नायलॉनची तार चालते. जाड बुडख्यांच्या गवताला लोखंडी पातेच लावा.

कडबा कुट्टी यंत्राची पाती काढून धार लावा. बसवताना पाते आणि तोंडाची पट्टी यांत पोस्टकार्डाच्या जाडीइतकीच फट ठेवा. फट वाढली की कडबा कापला न जाता चेपून गुंडाळतो, मोटारीवर ताण येतो आणि दोष मात्र वीजदाबाला दिला जातो. तुकडा १ ते २ सेंमीचा असावा. मोटार सुरू असताना अडकलेली पेंढी हाताने ओढायची नाही. यंत्राला उलटा गिअर असेल तर तो वापरा, नसेल तर मोटार बंद करा. बांगड्या, ओढणी, सैल बाह्या नकोत.

कधी कापायचे

मारवेल, पवन्या यांसारखे गवत फुलोऱ्यात असतानाच कापा. बी धरले की काडी लाकडासारखी होते आणि प्रथिने घटतात. गंजी मोठी दिसते पण जनावर निम्मे गवत टाकून देते. कुसळीचे गवत तर कुसळे कडक होण्याआधीच निघाले पाहिजे. नाहीतर ती जिभेत आणि हिरड्यांत रुततात, जनावर खाणे सोडते आणि कारण लवकर लक्षात येत नाही.

कापण्याआधी सलग ३-४ कोरडे दिवस हवेत. नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राचा अंदाज आणि मेघदूत ॲपवरचा जिल्ह्याचा सल्ला रोज बघा. कोरडे दिवस दिसले नाहीत तर आठवडाभर थांबा. उभे गवत आठवड्यात थोडे राठ होते, पण कापून भिजलेले गवत त्याहून जास्त जाते.

धुऱ्यावर आधी एक फेरी मारा. गाजरगवत आणि तरोटा मुळासकट उपटून बाजूला टाका. गाजरगवत चाऱ्यात गेले तर दुधाला कडवट वास येतो. पऱ्हाटीला (कपाशीला) लागून असलेल्या धुऱ्यावर कीटकनाशकाचा फवारा उडालेला असतो. औषधाच्या लेबलवर लिहिलेला कालावधी उलटल्याशिवाय तिथले गवत कापू नका. काटोल-नरखेडकडच्या संत्राबागांत तणनाशक मारले असेल तर बागेतल्या गवतालाही हाच नियम.

वाळवणे

दव उडाले की साधारण १० वाजता कापणी सुरू करा. बुंधा ३-४ इंच सोडा. फार खालून कापले तर माती येते आणि फुटवाही मरतो. कापलेले गवत पातळ पसरा. त्याच दिवशी दुपारी ३ च्या सुमारास एकदा उलथा. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा उलथा आणि संध्याकाळी लहान ढिगल्या करा. रात्रभर पसरून ठेवले तर दवाने रंग उडतो. वाळलेल्या गवतात हिरवी झाक दिसली पाहिजे. पांढरट पिवळे झाले म्हणजे ऊन आणि दव दोन्ही जास्त झाले. ऑक्टोबरच्या उन्हात २ ते ३ दिवस पुरतात, जाड काडीला एखादा दिवस जास्त.

हिरव्या गवतात ७० ते ७५ टक्के पाणी असते. गंजीत जाताना ते १५ टक्क्यांवर आले पाहिजे. २० च्या वर असेल तर बुरशी येते. हा फरक हाताला सहज कळत नाही, कारण पाने कुरकुरीत झाली तरी गाठींत ओल असते. म्हणून नेहमी काडीची गाठ तपासा. नखाने खरवडल्यावर साल निघाली किंवा रस दिसला तर अजून एक दिवस. मूठभर गवत पिळले आणि काड्या कडकड मोडल्या तर ठीक.

याहून खात्रीची चाचणी मिठाची. दोन चमचे मीठ तव्यावर भाजून गार करा. या हवेत उघडे मीठ आधीच ओलसर असते, म्हणून भाजणे टाळू नका. ढिगल्याच्या आतले गवत घ्या, त्याचे बारीक तुकडे करा आणि मिठासोबत काचेच्या कोरड्या बरणीत घाला. झाकण लावून २-३ मिनिटे जोरात हलवा. मीठ काचेला चिकटले किंवा त्याच्या गाठी झाल्या तर ओल १५ टक्क्यांच्या वर आहे. मीठ मोकळे राहिले तर रचायला हरकत नाही.

मधेच पाऊस आला तर पसरलेले गवत गोळा करून ताडपत्रीखाली दाबू नका. तिथे ते एका रात्रीत तापते. जसे आहे तसे राहू द्या, वरचा थर वाळला की उलथा. रंग गेलेले पण बुरशी नसलेले गवत वेगळे ठेवा, ते आधी खाऊ घाला. बुरशी आलेले थेट खताच्या खड्ड्यात.

कुटार आणि तणस

सोयाबीन हार्वेस्टरने काढले की कुटार वावरभर उडते आणि हाती काही लागत नाही. दोन-चार जनावरे असलेल्याने मळणी यंत्रच लावावे. पंख्याचे तोंड वारा वाहतो त्या दिशेने ठेवून समोर मोठी ताडपत्री अंथरा. काळे पडलेले, भिजलेल्या शेंगांचे कुटार चांगल्यात मिसळू नका. यंत्राजवळ तारेचे तुकडे, खिळे पडतात. जनावराने ते गिळले तर पोटातून हृदयापर्यंत रुततात. कुट्टी यंत्राच्या घळणीत जुन्या लाउडस्पीकरचे चुंबक बांधून ठेवले तर बरेचसे लोखंड तिथेच अडकते. तुरीचे कुटार सर्वांत चांगले, ते दुभत्या गायीसाठी राखा.

मौदा, रामटेक, कुही, भिवापूर या धानाच्या पट्ट्यात तणस नोव्हेंबरात निघते. बांधीत (धानाच्या खाचरात) ओल असते, म्हणून तणस तिथेच न रचता उंचावर आणून दोन दिवस पसरा.

गंजी

जागा उंचवट्यावरची, घर, चूल आणि कोठा (गोठा) यांच्यापासून किमान ५० फूट दूर असावी. विजेच्या तारांखाली आणि रोहित्राजवळ तर नकोच. मे महिन्यात ४५ अंशांच्या उन्हात तारा लोंबतात आणि वावटळीत एकमेकींना घासून ठिणग्या पडतात.

खाली दीड फूट उंचीवर दगड मांडून त्यावर बल्ल्या टाका, म्हणजे हवा खेळेल आणि उधळी (वाळवी) चढणार नाही. त्यावर तुराट्यांचा (तुरीच्या वाळल्या काड्यांचा) थर द्या. पऱ्हाट्या (कपाशीच्या काड्या) वापरू नका. गुलाबी बोंडअळी त्यांतच दडून पुढच्या हंगामाला येते. लांबी पूर्व-पश्चिम ठेवा, म्हणजे पश्चिमेकडून येणाऱ्या पावसाला अरुंद बाजू मिळते.

पेंढ्या बुंधे बाहेर आणि शेंडे आत अशा लावा. मधला भाग कडांपेक्षा नेहमी वीतभर उंच ठेवा आणि मधेच तुडवा. बहुतेक जण कडा सुबक दिसाव्या म्हणून कडाच तुडवतात. मग मधला भाग खाली बसतो, पेंढ्यांचा उतार आत वळतो आणि पाणी थेट पोटात जाते. गवताबद्दल थोडी शंका असेल तर थराथरात मीठ भुरभुरा, टनाला ५ ते १० किलो. त्याने बुरशी मंदावते, पण ओल्या गवताला हा इलाज नाही. माथा घराच्या छपरासारखा दोन्हीकडे उतरता करा आणि त्यावर फूटभर तणस घाला. वर किमान २०० जीएसएमची (चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाची) ताडपत्री दोराने बांधून दोराच्या टोकांना दगड लटकवा. ताडपत्री फक्त माथ्यावर. चारही बाजूंनी गुंडाळली तर आतली वाफ निघायला वाट राहत नाही.

पहिले तीन आठवडे रोज लक्ष ठेवा. ५-६ फुटांची लोखंडी सळई मधोमध खुपसून १५ मिनिटांनी काढा. आतले टोक हातात आरामात धरता आले तर काळजी नाही. चटका बसत असेल तर दिवसातून दोनदा तपासा. धरवतच नसेल आणि करपलेल्या गुळासारखा वास येत असेल तर गंजी उघडावी लागेल. मात्र आधी पाण्याचे ड्रम आणि पाण्याने भरलेला फवारणीचा पंप जवळ ठेवा. तापलेल्या पोटाला एकदम हवा मिळाली की जाळ होतो. वर चढू नका, आत पोकळी झालेली असू शकते.

बाहेरची आग येते ती होळीच्या निखाऱ्यांतून आणि उन्हाळ्यात धुरे जाळण्यातून. गंजीभोवती १५ फुटांचा पट्टा जानेवारीतच वखरून साफ करा.

काढताना

गंजी पूर्वेच्या तोंडाने, वरपासून खालपर्यंत उभी कापत जा. माथा उघडा पाडला की एका वळवाच्या सरीत उरलेली सगळी भिजते. उंदरांमागे घोणस, मण्यार येतात. पेंढी ओढण्याआधी काठीने आपटा, पायात बूट असू द्या.

तणस आणि गव्हांडा (गव्हाचा भुसा) सकस करायचा तर १०० किलोला ४ किलो युरिया ४०-५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथराने शिंपडा, दाबा आणि प्लास्टिकने हवाबंद झाकून २१ दिवस ठेवा. खाऊ घालण्याआधी तासभर पसरून अमोनियाचा वास उडू द्या. सहा महिन्यांखालच्या वासरांना देऊ नका. त्याच्यासोबत कच्चे सोयाबीन किंवा दाणे राहिलेले कुटारही नको. सोयाबीनमधल्या घटकाने युरियाचा अमोनिया झपाट्याने सुटतो आणि विषबाधा होते. द्रावण उरले तर बादली कोठ्यात ठेवू नका, जनावराने तोंड घातले तर थोड्याच तासांत दगावू शकते.