खोलातला खडक वर येतो, तेव्हा वरचं काय होतं?

बडोद्यात एम.एस्सी. जिऑलॉजीला नुकतीच आलेली मुलं मला एकच प्रश्न विचारतात: "ताई, डिझर्टेशनला पेट्रॉलॉजी घेऊ की स्ट्रक्चरल?" पेट्रॉलॉजी म्हणजे खडक कशाचे नि कसे घडले याचा अभ्यास, स्ट्रक्चरल म्हणजे ते कसे वाकले, तुटले, सरकले याचा. बहुतेकांचा कल पेट्रॉलॉजीकडे असतो, आणि तो मला समजतो. सूक्ष्मदर्शकाखाली गार्नेट नि कायनाइटसारखी खनिजं पाहिली की माणूस त्यातच रमतो. मीही रमले होते आणि त्यापायी माझं एक वर्ष गेलं, म्हणून हे लिहिते आहे.

पीएच.डी.च्या पहिल्या फील्डला मी हिमाचलात, किन्नौर आणि स्पितीच्या सीमेवर लिओ पारगिलच्या घुमटाकार डोंगराकडे गेले. तिथले नाईस हे पट्टेदार खडक वीस किलोमीटरहून जास्त खोलीवर तापून, दबून घडलेले आहेत आणि आज उघड्यावर पडले आहेत. मी पोती भरभरून नमुने आणले. फॉल्टच्या (कवच तुटून सरकलं त्या भेगेच्या) वर जे पिचलेले, कलंडलेले साधे थर होते, त्यांच्या मात्र वहीत जेमतेम चार नोंदी. परत आल्यावर गाइडनी वही चाळली आणि विचारलं, "हा खडक वर आला ते कळलं. पण याच्या डोक्यावर जे होतं, ते गेलं कुठे?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. तोवर तिथला हंगाम संपला होता. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत थांबावं लागलं.

खोलातला खडक उघडा पडायचे मुख्य रस्ते दोन. एक तर नद्या आणि हिमनद्या वरचं कवच झिजवून नेतात. नाहीतर वरचं कवच आडवं ताणलं जातं, तुटतं, बाजूला सरकतं आणि त्या पातळ झालेल्या जागेतून खालचा खडक वर उचलला जातो. बऱ्याच ठिकाणी दोन्ही एकत्र चालतं. पश्चिम अमेरिकेत १९७०च्या दशकात अशा जागा ओळखू आल्या आणि त्यांना मेटामॉर्फिक कोअर कॉम्प्लेक्स हे नाव मिळालं. ग्रीसमधलं नाक्सोस बेटही त्याच जातीचं. ताणामुळे वर आलेल्या खडकाची खूण अशी, की सीमेवर एकदम उडी दिसते. खाली भरपूर तापलेला खडक, त्याच्यावर थेट जेमतेम तापलेला, आणि मधले कित्येक किलोमीटर गायब.

ही सीमा हाताने चाचपून बघायची जागा आहे. उकडीचे मोदक ज्यांनी वळलेत त्यांना समजायला सोपं जाईल. उकड गरम आहे तोवर पारी हवी तशी पातळ होते, कळ्या पडतात. तीच उकड गार झाली की बोट लावताच चिरा जातात. खडकाचंही तसंच आहे. क्वार्ट्‌झ (गारगोटीचं खनिज) साधारण ३०० अंश सेल्सिअसच्या वर न वितळता वाहायला लागतो, फेल्डस्पार या खनिजाला ४५० अंशांच्या आसपास उष्णता लागते. त्यामुळे कवचाचा वरचा दहा-पंधरा किलोमीटरचा भाग ठिसूळ राहतो. फॉल्टच्या खालचा खडक वर येताना गार होत जातो आणि वाटेत त्याचा स्वभाव पालटतो. म्हणून अशा फॉल्टखाली आधी मायलोनाइट, म्हणजे गरम असताना ताणून लांबलेला खडक, दिसतो, त्यात क्वार्ट्‌झ फितीसारखा लांबलेला. जरा वर तोच मायलोनाइट फुटून, क्लोराइट या खनिजामुळे हिरवट पडून त्याचा ब्रेशिया, म्हणजे टोकदार तुकड्यांचा खडक, झालेला. आणि अगदी वर, फॉल्टच्या पृष्ठालगत, चिमटीत धरला तर मेणासारखा दबणारा गाउज, म्हणजे घासून झालेला खडकाचा भुगा. थोड्याशा उंचीत त्या खडकाचा सगळा प्रवास हाताला लागतो.

आता वरच्या कवचाकडे या. मी घरी काचेच्या बाजू असलेली एक पेटी केली आहे. तळाशी मुलांच्या खेळण्यातल्या स्लाइमचा थर, त्यावर कोरडी रेती आणि मध्ये मध्ये रंगीत रांगोळीच्या पट्ट्या. कोरड्या रेतीचं अंतर्गत घर्षण वरच्या कवचातल्या खडकांच्या जवळ जातं, म्हणून प्रयोगशाळांतही रेतीच वापरतात. पेटीची एक बाजू अगदी सावकाश ओढायची. घाई केली तर स्लाइमसुद्धा तुटतो. सावकाश ओढलं की रेतीत आधी उभट चिरा पडतात, मग त्यांच्यामधले ठोकळे एकाच दिशेने कलंडतात, आणि जिथे रेती सर्वात पातळ झाली तिथे खालचा स्लाइम फुगून वर येतो. वरचा भार हलका होताच खालचं वर उचललं जातं आणि वर येताना फॉल्टलाही वाकवतं. बरेच तज्ज्ञ असं मानतात, की अशा ठिकाणी आज जवळजवळ आडवे दिसणारे फॉल्ट मुळात उभट होते. यावर वाद अजून मिटलेला नाही. फॉल्ट कुठल्या कोनात तुटतात हे सांगणाऱ्या अँडरसनच्या सिद्धांताप्रमाणे ताणाचे फॉल्ट साधारण ६० अंशांवर तुटायला हवेत, आणि ३० अंशांपेक्षा कमी उताराचा फॉल्ट सरकावा कसा, हा प्रश्न नव्या माणसाने जरूर मनात घ्यावा.

ठोकळे कलंडतात, म्हणून त्यांच्यातल्या थरांचा डिप, म्हणजे आडव्यापासूनचा कल, मोलाचा. समजा फॉल्टचा उतार ३० अंश आहे आणि थर उलट्या बाजूला ३० अंश कललेले आहेत. दोहोंमधला कोन ६० अंश. साइन ६० भागिले साइन ३० केलं की १.७३ येतं, म्हणजे तो भाग मूळच्या पावणेदोन पट लांबला. दोन कोन आणि एक भागाकार. पहिल्या खेपेला मी टाळले ते हेच कोन.

दुसरा साक्षीदार म्हणजे कलंडत्या ठोकळ्यांमधल्या खोलग्यांत साचलेला गाळ. त्यातल्या गोट्यांकडे थरानुसार बघा. तळाच्या थरांत वरच्या कवचातले चुनखडक, स्लेट. वरच्या थरात कधीतरी पहिला मायलोनाइटचा गोटा सापडतो. खोलातला खडक तोवर उघड्यावर आलेला होता, याचा तो पुरावा.

खडक कधी गार झाला ते सांगणाऱ्या वयांसाठी ॲपेटाइट आणि झिर्कन ही खनिजं लागतात. युरेनियमचे अणू फुटून खनिजात ज्या बारीक रेषा उमटतात, त्या फिशन ट्रॅक. ॲपेटाइट फिशन ट्रॅकचं घड्याळ खडक गार होताना साधारण ११० अंशांना सुरू होतं, झिर्कनचं २४०च्या आसपास. फॉल्ट ज्या दिशेला सरकला त्या दिशेने वयं कमी होत जातात. दहा किलोमीटरांत वीस लाख वर्षांचा फरक आला, तर सरकण्याचा वेग वर्षाला पाच मिलिमीटर.

लिओ पारगिलच्या बाजूची हालचाल संपलेली नाही. १९ जानेवारी १९७५चा किन्नौरचा भूकंप कौरिक-चांगो फॉल्टवर, ताणातूनच झाला. सुमदोजवळ जुन्या सरोवराच्या गाळात भूकंपांनी विस्कटलेले थर मी पाहिले, तेव्हा वाटाड्या म्हणाला की त्या थंडीच्या गोष्टी घरात अजून सांगतात.

करिअरचं थोडक्यात: गेटचा जिओलॉजी-जिओफिजिक्सचा पेपर, सीएसआयआर नेट, आणि जिऑलॉजिकल सर्व्हेसाठी यूपीएससीची जिओ-सायंटिस्ट परीक्षा. तिन्हींत स्ट्रक्चरल येतंच.

हिमालयात जायची वाट बघू नका. आपल्या जवळ चांपानेर-पावागड आहे. पायथ्याच्या भागातल्या जुन्या क्वार्ट्‌झाइटमध्ये भेगा भरपूर. ब्रंटन (कोन मोजायचं होकायंत्र), वही आणि पाण्याची बाटली घेऊन रविवारी सकाळी निघा. प्रत्येक भेगेचा स्ट्राइक (आडवी दिशा), डिप आणि कुठली भेग कुठलीला कापते, एवढंच लिहा. पहिल्या दिवशी वीस नोंदी नीट झाल्या तरी पुष्कळ. ऊन चढायच्या आत हालोलला परत या, आणि रात्री जेवणाआधी त्या वीस नोंदी स्टिरिओनेटवर, म्हणजे दिशा नि कोन मांडायच्या गोल आलेखावर, टाका.