संदेष्ट्यांचं न्यायवचन कसं वाचावं: गुरुवारच्या बैठकीतून

दर गुरुवारी संध्याकाळी सात वाजता सुदामानगरच्या आमच्या घरी पुढच्या खोलीत सतरंजी पडते. सहा-सात माणसं येतात. कुणाचे आजोबा नगरकडून इंदूरला आलेले, कुणाचे नागपूरकडून. बोलता बोलता हिंदी मिसळतेच. आम्ही बायबलातला जुना करार वाचतो. रूथ वाचलं, स्तोत्रं वाचली, सगळे खूश. संदेष्ट्यांची, म्हणजे देवाचा निरोप लोकांना सांगणाऱ्यांची, पुस्तकं सुरू झाली आणि माणसं गळायला लागली. एक काकू शेवटी म्हणाल्या, "सारखी तलवार, दुष्काळ आणि मरी. घरी जाऊन झोप लागत नाही हो."

त्यांचं चुकत नव्हतं, आमची वाचायची रीत चुकत होती. मी स्वतः याच पुस्तकांमुळे माणसांत आलो, म्हणून ती कुणी भीतीपोटी मिटून ठेवली की मला वाईट वाटतं. आम्ही पुन्हा कसे वाचायला शिकलो ते लिहितो. घरी एकट्याने वाचणाऱ्यालाही यातलं बरंच करता येईल.

यशयापासून सुरू करू नका. सहासष्ट अध्यायांचं पुस्तक आहे, नवखा माणूस मधेच हरवतो. योना घ्या. चार अध्याय, अठ्ठेचाळीस वचनं, एका बैठकीत मोठ्याने वाचून होतात. योनाला गिळणाऱ्या माशापाशी रेंगाळू नका, मासा सगळ्यांना पाठ आहे. तिसऱ्या अध्यायात थांबा. योना अश्शूरच्या निनवे नगरात शिरतो आणि आणखी चाळीस दिवसांनी निनवे उलथून पडेल, एवढंच बोलतो. मूळ हिब्रूत हा सगळा उपदेश पाच शब्दांचा आहे. देवाचं नाव नाही, पाप कोणतं ते नाही, सुटायचं कसं तेही नाही. तरी राजा सिंहासनावरून उतरून राखेत बसतो आणि फर्मान काढतो: माणसांनीच काय, गुराढोरांनीही गोणपाट पांघरावं, प्रत्येकाने आपली वाईट वाट आणि हातातला जुलूम सोडावा, कोणी सांगावं, देव वळेलही. आणि देव वळतो.

त्या पाच शब्दांतला शेवटचा शब्द आहे 'नेहपाखेत'. त्याचं मूळ क्रियापद 'हाफाख', म्हणजे उलटणं, पालथं करणं. उत्पत्ती या पुस्तकात सदोम नगराचा नाश सांगताना हेच क्रियापद येतं. पण हाफाख म्हणजे पालटणंही. निनवे 'उलटेल' असं योना म्हणाला आणि निनवे खरंच 'पालटलं'. भविष्य खोटं ठरलं म्हणून योना रुसला. माझ्या मते ते खरं ठरलं, त्याला हवं तसं मात्र नाही.

आता वहीत हा शब्द लिहून ठेवा आणि होशेयाचा अकरावा अध्याय काढा. देव एफ्राइमाला, म्हणजे इस्राएलाला, म्हणतो, मी तुला कसा टाकून देऊ, अदमासारखं तुला कसं करू, सबोईमासारखं कसं ठेवू? ही दोन्ही सदोमाबरोबर उलथून टाकलेली नगरं. लगेच पुढे तो म्हणतो, माझं हृदय माझ्या आत उलटलं आहे. इथेही तेच क्रियापद. नगरावर यायचं ते उलथणं देवाच्या स्वतःच्या काळजात झालं. हे मी पहिल्यांदा समजून घेतलं त्या रात्री मलाही झोप लागली नाही, पण काकू म्हणत होत्या तशी नव्हे. न्यायाचं कुठलंही वचन वाचताना हे वचन शेजारी उघडं ठेवा. बोलणाऱ्याचा आवाज ओळखता आल्याशिवाय शब्दांचा अर्थ लागत नाही. आई 'घरात येऊ नकोस' म्हणते आणि घरमालक तेच म्हणतो, यात फरक असतो.

दुसरा शब्द 'शूव'. आपल्या बायबलात त्यासाठी वळा, फिरा, माघारी या असे शब्द दिसतील. आपण मराठीत पश्चात्ताप म्हणतो. पश्चात्, म्हणजे मागाहून, झालेला ताप. शब्द चांगला आहे, पण त्यात माणूस जागेवर बसून पोळत राहू शकतो. शूवमध्ये पाय उचलावे लागतात. चुकीच्या रस्त्याने निघालेला माणूस उलटा वळून घराकडे चालू लागला, इतकं साधं क्रियापद आहे ते. पेन्सिल घेऊन बसा आणि वळा, फिरा, परत या दिसेल तिथे खूण करा. यिर्मयाची पानं तर खुणांनी भरून जातील. ज्या पुस्तकाला आपण नुसतं शापांचं पुस्तक समजत होतो त्यात इतकी बोलावणी आहेत, हे डोळ्यांना दिसू द्या.

काळाचा एक कागद करून कपाटाला चिकटवा. फार लागत नाही. शलमोन राजानंतर राज्याची दोन शकलं झाली, उत्तरेला इस्राएल आणि दक्षिणेला यहूदा. इ.स.पू. 722 च्या सुमारास अश्शूरने उत्तरेचं शोमरोन घेतलं. 612 मध्ये अश्शूरचं निनवेच पडलं. त्याचे अवशेष आजच्या इराकमध्ये मोसूलला आहेत. 586 च्या सुमारास बाबेलच्या नबुखद्नेस्सरने यरुशलेम आणि मंदिर उद्ध्वस्त केलं. आमोस आणि होशेय पहिल्या घावाच्या आधीचे, यिर्मयाने यरुशलेमवरचा दुसरा घाव डोळ्यांनी पाहिला, यहेज्केलाला त्याची बातमी बाबेलच्या बंदिवासात मिळाली. एवढं पुरे.

मग आमोस, आणि तो नकाशावर बोट ठेवून. आमोस दक्षिणेतल्या तकोवाचा मेंढपाळ, उंबराच्या झाडांची निगा राखणारा. तो उत्तरेत जाऊन बोलतो. सुरुवात दिमिष्कापासून, मग गज्जा, सोर, अदोम, अम्मोन, मवाब. सगळे शेजारी, सगळे शत्रू. ऐकणारे माना डोलावत असणार. सातवा नंबर त्याच्या स्वतःच्या यहूदाचा. आणि मग आठवा, सगळ्यांत लांब, समोर बसलेल्या इस्राएलाचा.

नुसतं वाचून याचा चटका बसत नाही, म्हणून आम्ही एक करतो. एकाने उभं राहायचं आणि आमोसाच्याच शब्दांत आपल्या गावाभोवतीची नावं घेत फिरायचं. देवासच्या तीन अपराधांमुळे, नव्हे चारांमुळे. उज्जैनच्या, धारच्या, महूच्या, खंडव्याच्या. दरवेळी सगळे 'बरोबर' म्हणतात. मग इंदूर. मग सुदामानगर. मग ही खोली. पहिल्यांदा केलं तेव्हा खोलीत पंख्याचा आवाज तेवढा राहिला. नाथान संदेष्ट्याने दावीद राजाला गरिबाच्या एकुलत्या कोकराची गोष्ट सांगितली, दावीद भडकला, आणि नाथान म्हणाला, तोच मनुष्य तू आहेस. न्यायवचन वाचताना आपण कुठल्या जागी बसलो आहोत हे आधी ठरवा. संदेष्ट्याच्या जागी बसून वाचलंत तर हातात फक्त दगड येतील.

यावरूनच आमच्या बैठकीत एक नियम आहे आणि तो मी कुणासाठीही सैल करत नाही. दुसऱ्याच्या दुःखाला देवाचा न्याय म्हणायचं नाही. आमच्यात एक आजी येतात. त्यांचा मुलगा तरुणपणी गेला तेव्हा घरी भेटायला आलेल्यांपैकी कुणीतरी म्हणालं, कुणाचं तरी पाप असेल. वीस वर्षं त्या बाईने ते उराशी बाळगलं. ज्या दिवशी यहेज्केलाचा अठरावा अध्याय वाचला त्या दिवशी मी तो त्यांनाच वाचायला दिला. बापांनी आंबट द्राक्षं खाल्ली आणि मुलांचे दात आंबले, ही म्हण यापुढे इस्राएलात कुणी म्हणणार नाही, असं देव शपथेवर सांगतो. अध्यायाच्या शेवटी तो म्हणतो, कुणाच्याही मरणात मला आनंद नाही, म्हणून वळा आणि जगा. आजींनी ते वचन तीनदा वाचलं. कुणी काही बोललं नाही.

पुढची पायरी दार शोधायची. प्रत्येक न्यायवचनात 'जर', 'कदाचित', 'कोणी सांगावं' असा शब्द आहे का बघा. निनवेच्या राजाच्या तोंडचं 'कोणी सांगावं' योएलाच्या दुसऱ्या अध्यायातही आहे, तिथेच वस्त्रं नको, हृदयं फाडा असं म्हटलं आहे. यिर्मयाचा अठरावा अध्याय तर या सगळ्याची किल्ली. कुंभाराच्या चाकावर भांडं बिघडतं, तो त्याच मातीचं दुसरं घडवतो. मग देव नियमच सांगतो: मी एखाद्या राष्ट्राला उपटून टाकीन म्हटलं आणि ते वळलं, तर मीही माझा बेत बदलीन. उलटही तितकंच खरं, हे विसरू नका. छत्तिसावा अध्याय जोडून वाचा. थंडीचे दिवस, राजा यहोयाकीम शेगडीपुढे बसलेला, यिर्मयाची गुंडाळी त्याच्यापुढे वाचली जाते आहे. तीन-चार रकाने वाचून झाले की तो चाकूने ते कापतो आणि आगीत टाकतो, असं करत सगळी गुंडाळी संपते. देव यिर्मयाचा लेखनिक बारूख याच्याकरवी ती पुन्हा लिहवून घेतो, आणि तिच्यात आणखी भर पडते. ती पहिल्यांदा लिहायला लावली तेव्हा कारण काय दिलं होतं? कदाचित ते ऐकतील, वळतील, आणि मी क्षमा करीन.

कुठे कुठे दार सापडत नाही. नहूम तीन अध्यायांचा, निनवेवरच, आणि त्यात निनवेला वळण्याचं बोलावणं नाही. तिथे ओढून-ताणून आशा काढू नका. ज्यांची गावं त्या साम्राज्याने जाळली त्यांचा तो आवाज आहे, तो तसाच ऐका. योना आणि नहूम लागोपाठच्या आठवड्यांत वाचले तर दोन्ही नीट कळतात.

आता आरोपाकडे या, आणि आरोप शब्दशः वाचा. 'पाप' असा ढोबळ शब्द लिहून पुढे जाऊ नका. संदेष्टे फार नेमकं बोलतात. आमोसाच्या आठव्या अध्यायातले व्यापारी विचारतात, शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा पवित्र दिवस, कधी संपेल म्हणजे आम्ही गहू विकायला काढू, एफा (धान्याचं माप) लहान करू, शेकेल (पैसे तोलायचं वजन) मोठा करू, खोट्या तराजूने फसवू, गव्हाचं भुसकटही विकून टाकू.

मी तीसेक वर्षांपूर्वी धान्याच्या एका आडत्याकडे मुनीम होतो. सोयाबीनचा हंगाम असला की ट्रॉल्यांची रांग लागायची. हम्माल पोती टाकायचे, तुलावटी तोलायचा, आकडा मी लिहायचो. काटा मारला जायचा, वर ओलावा आणि कचऱ्याच्या नावाने जादा वजन कापलं जायचं. खरा आकडा मालकाला हवा असायचा, म्हणून तो मी खिशातल्या डायरीत वेगळा टिपायचो. दोन आकडे, दोन्ही माझ्या अक्षरात. रविवारी उपासनेला जायचो, गाणी मोठ्याने म्हणायचो. आमोसातलं ते वचन मी अनेकदा वाचलं होतं, पण शोमरोनच्या व्यापाऱ्यांबद्दल म्हणून. एकदा मोठ्याने वाचताना 'एफा लहान करू' इथे माझा आवाज गेला. नोकरी सोडली. डायरी टाकली नाही.

म्हणून शेवटची पायरी सांगतो, जिच्याशिवाय बाकीचं सगळं नुसतं वाचन राहतं. होशेय चौदाव्या अध्यायात म्हणतो, शब्द बरोबर घेऊन परमेश्वराकडे परत या. शब्द घ्या, म्हणजे काय केलं ते तोंडाने म्हणा किंवा लिहा. 'माझी पापं क्षमा कर' एवढं पुरत नाही. कुणाचं, किती, कधी. मग लेवीयाचा सहावा अध्याय उघडा. फसवून घेतलेलं परत करायचं आणि वर पाचवा हिस्सा घालायचा, ज्याचं त्याला, आणि मग वेदीकडे यायचं. यहुदी परंपरेने हे घट्ट धरलं. योम किप्पूर म्हणजे प्रायश्चित्ताचा त्यांचा सर्वांत पवित्र दिवस. त्या दिवशी दुपारच्या प्रार्थनेत योनाचं पुस्तक वाचतात. पण मिश्ना या यहुदी नियमांच्या जुन्या संग्रहात स्पष्ट लिहिलं आहे, शेजाऱ्याविरुद्ध केलेल्या अपराधाचं प्रायश्चित्त त्या दिवसाने होत नाही, आधी शेजाऱ्याची समजूत घालावी लागते. कोकणातले आपले मराठी बोलणारे बेने इस्राएल यहुदी या दिवसाला दारं बंद करण्याचा सण म्हणत. तो दिवस घरात आणि प्रार्थनेतच जातो. देणंघेणं फेडायचं ते त्याच्या आधी.

त्या डायरीतल्या एका हंगामाच्या पानावर अकरा नावं होती. हिशेब केला, त्या वेळचा भाव धरला, पाचवा हिस्सा घातला. पहिला गेलो सांवेरकडच्या एका गावात. ज्याचं नाव होतं तो शेतकरी वारला होता, मुलगा भेटला. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, शब्द बरोबर नेले होते म्हणून सांगता आलं. त्याने पैसे मोजून घेतले, चहा दिला, आणि माझ्या हातातल्या कागदाकडे बघत विचारलं, "और बाकी लोगों का?"

सात जणांचं झालं. चार नावं बाकी आहेत, त्यांतल्या दोघांचं गाव आता सापडलं आहे. पाऊस उघडला की जाईन.